मला काही लागत नाही

आमच्या मुक्ताला पुण्याच्या एका नावाजलेल्या संस्थेत अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. त्यासाठी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, आणि जागा अगदी मोजक्या. गणिताची तिला भीती नव्हती, इंग्रजीही धडपडत जमवलं होतं. तिला नडला तो एक साधा शब्द. तो कसा नडला ते सांगते, पण आधी मी कोण ते सांगायला हवं, कारण या भानगडीत मीही नाक खुपसलेलं आहे.

मी रजनी, मुक्ताची आत्या. उज्जैनला फ्रीगंजात टॉवरच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि मजेत राहते. नोकरीभर सरकारी शाळेत हिंदी शिकवली आणि घरी आल्यावर मराठीची राखणदारी केली. आमचे कोणी पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले, ते परत गेलेच नाहीत. तेव्हापासून आमची मराठी उज्जैनच्या पाण्यावर पोसली आहे. आमच्याकडे लाइट 'चालली जाते', माणसं 'परेशान' होतात आणि मुलं 'फालतूमध्ये' रडतात. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतात आणि माझं डोकं फिरतं. पाहुण्यांवर राग काढता येत नाही, मग मी तो घरच्यांवर काढते. घरच्यांना आता सवय झाली आहे.

मुक्ता माझ्या धाकट्या भावाची, विनायकची, एकुलती एक मुलगी. आठवीत होती तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी ती आईबरोबर महाकालला गेली आणि तिथल्या हारवालीशी वाद घालून आली. शनिवारी हाच हार एवढा स्वस्त होता, मग आज महाग का, असं हिचं म्हणणं. हारवाली म्हणाली, "बेटा, आज बाबा का दिन है।" हिने विचारलं, "पर फूल तो वही हैं न?" मागच्या गर्दीने दोघींनाही पुढे ढकललं म्हणून तो वाद तिथे मिटला. हिच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. पुढे कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं तेव्हा मला म्हणाली, "आत्या, त्या हारवालीचं उत्तर बरोबर होतं. मला फक्त त्याचं ग्राफ काढायचं होतं."

"त्याचा आलेख," मी म्हटलं.

"तेच."

कॉलेज इथलंच, हिंदी माध्यमाचं. त्यामुळे तिच्या डोक्यात अर्थशास्त्र हिंदीत भरलेलं. मांग, पूर्ति, लागत, सीमांत उपयोगिता. परीक्षा मात्र इंग्रजीत, आणि घरात बोलायचं मराठी. एक विचार तीन दुकानं फिरून घरी यायचा. मला तिचं कौतुक वाटायचं, पण ते तोंडावर कसं सांगणार? मी मास्तरीण आहे.

विनूचं घर नानाखेड्याला, बस स्टँडच्या पलीकडच्या कॉलनीत. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे जाळीची बाल्कनी, जाळीवर तोंडलीचा वेल. विनू बँकेत आहे. त्यांची शाखा नव्या जागेत गेली तेव्हा जुनं फर्निचर विकायला काढलं होतं. त्यातलं मॅनेजरचं सागवानी टेबल त्याने मुक्तासाठी उचललं. चार माणसांनी ते जिन्यातून वर चढवलं आणि चौघांनीही विनूला शिव्या घातल्या. टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीशी लागलं, कारण घरात उजेड तेवढाच. तिथे आधी अहल्याची चटई असायची. ती गुंडाळून पलंगाखाली गेली.

अहल्या म्हणजे विनूची बायको. ती भैरवगढच्या छापखान्यातून चादरी आणि दुपट्टे छापून आणते आणि घरूनच विकते. कॉलनीतल्या बायका घेतात, नाशिक-नागपूरच्या नातलगांकडेही पार्सलं जातात. मुक्ता कॉलेजात असताना बोचकी आणायला, पार्सलं शिवायला आईबरोबर असायची. तयारी सुरू झाल्यावर अहल्येने ते सगळं तिच्याकडून काढून घेतलं. "तू बस, मी बघते," एवढंच म्हणाली. अहल्या कमी बोलणारी बाई. तिचं ठरलेलं एक वाक्य आहे. दिवाळीला साडी घेऊ का, मला काही लागत नाही. गुडघ्याला पट्टा आणू का, मला काही लागत नाही. बाहेर जेवायला गेलो तरी ती मेन्यू कार्ड उघडतसुद्धा नाही. आम्ही विचारायचं ते रीत म्हणून, उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मला तर या बाबतीत ती फार सोयीची वाटायची, खरं सांगते.

तर गेल्या वर्षीची मुलाखत. लेखी परीक्षा मुक्ता छान पास झाली आणि कॉम्प्युटरवर मुलाखतीची वेळ आली. समोर तीन प्राध्यापक. पहिल्याच प्रश्नाला तिच्या जिभेला गाठ बसली. प्रश्न अगदी सोपा होता, ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे काय. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, ती सोडलेली गोष्ट म्हणजे निवडीची खरी किंमत; हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. पण इंग्रजी शब्द सापडेना. त्यातल्या एका सरांनी हिचं आडनाव बघून मायेने म्हटलं, "मराठीत सांगा, चालेल." हिला हायसं वाटलं आणि ही घाईघाईत म्हणाली, "सर, संधीची लागत."

"संधी लागते? कोणाला?"

"नाही सर, लागते नाही. लागत."

"लागवड म्हणायचंय का तुम्हाला?" सर म्हणाले, आणि तिघंही हसले.

वाईट हसले नाहीत, मुक्ताच सांगते. तीही त्यांच्याबरोबर हसली. पण हसून झाल्यावर डोक्यात काहीच उरलं नाही. पुढच्या प्रश्नांना ती हो-नाही करत राहिली. यादीत नाव आलं नाही.

हिंदीत लागत म्हणजे खर्च, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आमच्या घरात तो शब्द मराठी समजूनच वापरला जातो. विनू 'घराची लागत' म्हणतो, मी त्याला टोकते, तो पुन्हा म्हणतो. पुण्याच्या माणसाला तो कळणार कसा? मुक्ताने दोन दिवस पुस्तकांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टेबलाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "एक बार और. या वर्षी नाही झालं तर बी.एड. करते आणि इथेच शाळेत लागते." विनूला तर बी.एड.च हवं होतं, म्हणून तो खूश. मी मात्र त्या पोरीचा चेहरा बघितला होता. शाळेत शिकवणं काही वाईट नाही, मी जन्मभर तेच केलं. पण ज्याला हाराच्या भावाचा आलेख काढायचा आहे त्याने तो काढावा, एवढंच मला वाटत होतं.

मग मी माझं काम हाती घेतलं. पुण्याच्या माणसांनी माझ्या भाचीच्या मराठीला हसावं म्हणजे काय! रोज सकाळी पोहे खाऊन मी रिक्षाने नानाखेड्याला जायची आणि तिच्या मराठीची धुलाई करायची. 'लागत' या शब्दाला घरात बंदी घातली. मराठी परिभाषेचं पुस्तक काढून 'वैकल्पिक खर्च' हा शब्द तिच्याकडून घोकून घेतला. विनूने चुकून लागत म्हटलं की त्याचा चहा बंद. अहल्या चहा ओतता ओतता म्हणाली, "ताई, मग मी काय म्हणू? मला काही हवं नाही म्हणू का?"

"तुझं चालेल," मी म्हटलं. "तुझं लागत मराठी आहे."

हे ऐकून मुक्ताने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि आईकडे बघितलं. मला वाटलं तिला हसू येतंय. आलं नाही.

तिचीही माझ्याकडून एक वसुली होती. तिला जे नीट समजलं आहे की नाही ते तपासायचं असेल ते ती मला शिकवायची. मी विद्यार्थिनी म्हणून फार वाईट आहे. एकदा तिने उदासीनता वक्र घेतला. इंग्रजीतल्या इन्डिफरन्स कर्व्हला हिंदी पुस्तकं असंच म्हणतात. तिचं म्हणणं, "समज आत्या, तुला चहा आणि कॉफी, दोन्ही सारखंच समाधान देतात. तर तू उदासीन आहेस."

"मी चहाच्या बाबतीत उदासीन नाही."

"समज म्हटलं ना."

"का समजू? कॉफी मला चालतच नाही. आणि उदासीन माणसाला समाधान कुठून मिळेल?"

मुक्ताने पेन ठेवलं आणि पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "तू बरोबर बोलली. शब्दच चुकीचा आहे." त्या दिवशी तिने तो धडा तीन भाषांत स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून काढला. तेव्हापासून तिचं इंग्रजी सुटलं, असं माझं मत आहे. ती म्हणते सराव परीक्षांनी सुटलं. असेल.

हिवाळ्यात अहल्येचा गुडघा सुजला म्हणून एक दिवस मुक्ता भैरवगढला माल आणायला निघाली. थंडीचं छान ऊन होतं, मीही बरोबर गेले. छापखाना म्हणजे एक लांबलचक खोली, लांब मेजांवर पसरलेलं कापड, आणि लाकडी ठप्पे रंगात बुडवून कापडावर ठोकणारी माणसं. ठप, ठप, ठप. मालक म्हातारेसे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गठ्ठा बांधता बांधता विचारलं, "बिटिया, मम्मी ने नया डिज़ाइन नहीं भेजा? कब से रेडीमेड ही ले जा रही हैं।"

"मम्मी डिज़ाइन बनाती थीं?" मुक्ताने विचारलं.

"लो, इसे पता ही नहीं!" चाचा हसले आणि मागच्या फळीवरून एक ठप्पा घेऊन आले. पाऊण हात लांब, कडा झिजलेल्या. किनारीची वेल होती, मध्ये मध्ये छोटी लांबट फळं. "ये उन्हीं का है। आज भी चलता है।"

मी लगेच ओळखलं. त्यांच्या बाल्कनीतली तोंडली. अहल्या खिडकीखाली चटईवर बसून, पाय मुडपून, कागदावर काहीतरी गिरवत असायची हे मला तेव्हा आठवलं. मी जायची तेव्हा ती कागद बाजूला सारून चहाला उठायची, त्यामुळे मी ते कधी नीट बघितलं नव्हतं, आणि मुक्ता तो आईचा नुसता चाळा समजायची. मुक्ताने तो ठप्पा हातात घेतला आणि तळव्यावर दाबून बघितला. वाळलेल्या निळ्या रंगाची जराशी पूड हाताला लागली. परतीच्या रिक्षात ती तळव्यावरची ती पूड बघत होती. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, टेबल आल्यावर बंद झालं ना?"

"काय?"

"आईचं. चटई गुंडाळली, तेव्हापासून."

मी हिशेब केला तर तिचं बरोबर होतं. घरी आल्यावर मुक्ताने आईला सरळ विचारलं, तू डिझाइन काढणं का सोडलंस? अहल्या भाजी निवडत होती. म्हणाली, "सोडलं कुठे? जागा नव्हती, आणि खाली बसलं की गुडघे धरतात. तयार डिझाइनंही चांगली असतात की. तू अभ्यास कर." मुक्ता म्हणाली, तू माझ्या टेबलावर बस, मी पलंगावर वाचते. "नको ग," अहल्या म्हणाली. "मला काही लागत नाही." विषय संपला. मुक्ता टेबलाशी जाऊन बसली आणि त्या दिवशी, मला दिसत होतं, तिने एकही पान उलटलं नाही.

लेखी परीक्षेला इंदूरचं केंद्र आलं. विनू तिला घेऊन गेला आणि बाहेर झाडाखाली दिवसभर बसून आला. पेपर कसा गेला असं मी विचारलं तर मुक्ता म्हणाली, "एका गणितात लोचा झाला, बाकी मस्त." मी 'लोचा' शब्दावर काही बोलले नाही, एवढी मी त्या दिवशी चांगल्या मनःस्थितीत होते. निकाल लागला, पास झाली, आणि पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलं.

सिंहस्थासाठी सगळं शहर खणून ठेवलंय. नानाखेड्याच्या त्यांच्या रस्त्यावर दर आठवड्याला कुठलीतरी तार तुटायची आणि नेट जायचं. म्हणून मुलाखत माझ्या घरून द्यायची ठरली. मी आदल्या दिवसापासून तयारीला लागले. शेजारच्यांना कुकर लावू नका म्हणून सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या पोरांना दम दिला, दारावरची घंटी काढून ठेवली. अहल्या डबा घेऊन आली आणि लगेच परत जायला निघाली, तर मी तिला स्वयंपाकघरात बसवून घेतलं. मधलं दार पुरतं लागत नाही, फुगलंय. आम्हाला सगळं ऐकू येणार होतं, आणि त्या दाराला मी मुद्दामच सुतार बोलावला नव्हता.

मुलाखत सुरू झाली आणि नेमकी खाली कचरागाडी आली, तिचं ते गाणं कर्ण्यातून ठणाणा वाजवत. मी जिना उतरून गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, मेरी बच्ची का इंटरव्यू है, पाँच मिनट बंद कर दे।" बिचाऱ्याने गाणं बंद केलं आणि वर हात करून म्हणाला, "माताजी, हो जाएगा, महाकाल हैं।" मी परत आले तोवर दोन-तीन प्रश्न होऊन गेले होते. अहल्या कोथिंबीर निवडत होती. निवडलेली काडी पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होती.

आतून एका बाईंचा आवाज आला, इंग्रजीत. "तुम्ही ही परीक्षा दुसऱ्यांदा देताय. या दोन वर्षांच्या तयारीची ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट काय, ते सांगा बघू."

पुन्हा तोच प्रश्न! मी देवाचं नाव घेतलं, आणि मनात 'वैकल्पिक खर्च, वैकल्पिक खर्च' असं घोकायला लागले.

मुक्ता इंग्रजीत सावकाश बोलायला लागली. मी एखाद्या खाजगी शाळेत लागले असते तर जो पगार मिळाला असता तो सोडला, ती एक किंमत. मैत्रिणींबरोबर वेळ घालवला नाही, ती दुसरी. "पण ही फक्त माझी बाजू झाली," ती म्हणाली. "माझ्या तयारीची सगळ्यात मोठी किंमत मी दिलेलीच नाही. सर, मी दोन वाक्यं मराठीत बोलू का?"

"बोला," एक सर म्हणाले. तोच आवाज असणार, मुक्ताने ज्याची नक्कल मला वर्षभर ऐकवली होती.

"सर, गेल्या वर्षी मी लागत म्हटलं होतं."

"हो हो, लागवड," सर म्हणाले, आणि हसले. "आठवलं."

"आमच्या उज्जैनला हा शब्द दोन कामं करतो. माझ्या पुस्तकात लागत म्हणजे कॉस्ट. आणि माझ्या घरी, आईला काहीही विचारलं तर ती म्हणते, मला काही लागत नाही. मी दोन्ही रोज ऐकायची. मला वाटायचं, म्हणजे आईची लागत शून्य."

माझ्या शेजारी कोथिंबिरीचा आवाज थांबला.

"ती कापडाची डिझाइनं काढायची," मुक्ता सांगत होती. "खिडकीशी बसून. माझं टेबल तिथे आलं आणि तिचं काम बंद पडलं. कोणी तिला उठ म्हटलं नाही आणि तिने जागा मागितली नाही. ती डिझाइनं निघालीच नाहीत, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत. पण माझ्या तयारीची लागत तीच आहे, सर. मागितलं नाही म्हणून शून्य धरलं, तर उत्तर चुकतं."

मग त्या बाईंनी विचारलं, "आणि ही किंमत तुम्ही मोजणार कशी?"

"मॅडम, पुस्तकात पद्धत आहे. माणसाला विचारायचं, ही गोष्ट सोडायला तुम्ही बदल्यात काय घ्याल? पण माझ्या आईला विचारलं तर ती म्हणेल, मला काही लागत नाही. माझा सर्व्हे फेल."

यावर ते तिघं जे हसले ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, आणि या वेळी मुक्ताचं हसू त्यांच्यात सगळ्यात मोठं होतं. नंतर बाईंनी कुठलंसं गणित घातलं. ती एका पायरीला चुकली, थांबली, "सॉरी, चिन्ह उलटं झालं," म्हणाली आणि दुरुस्त केलं. सरांनी शेवटी इंग्रजीत आभार मानले आणि वर मराठीत म्हणाले, "लागत. चांगला शब्द आहे. आमच्याकडे नाही."

वर्षभर मी जो शब्द घासून काढत होते त्याच शब्दावर पोरीने बाजी मारली. मला राग यायला हवा होता, पण मी रडत होते. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. अहल्या रडत नव्हती. ती निवडलेल्या कोथिंबिरीकडे बघत होती. हळूच म्हणाली, "ताई, हिने पुण्याच्या लोकांना माझं घरातलं कशाला सांगायचं?"

"माझं काही सांगितलं असतं तर मी मिठाई वाटली असती," मी म्हटलं. "गप्प बस आणि चहा कर. नको, मीच करते."

मी या घरात राहायला लागल्यापासून अहल्येला स्वतःच्या हाताने चहा करून दिल्याचं मला आठवत नाही. तिने तो घेतला आणि साखर कमी आहे असं म्हणाली. तिला काहीतरी कमी आहे असं मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

यादी लागली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. मुक्ताचं नाव वरून सातवं. विनूने बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता, तो त्याने स्वतःच फाडला आणि बँकेत एवढी जिलेबी वाटली की मॅनेजरने विचारलं, जावई मिळाला की काय. संध्याकाळी मी गेले तर घरात नुसता गोंधळ. मुक्ता मैत्रिणींना फोन लावत होती, "मी चालली पुण्याला, हो, पक्का!" आणि मी तिला 'चाललेय' म्हणून दुरुस्त करत होते आणि ती मला मिठ्या मारत होती. मुलगी जाणार याचं वाईटही वाटत होतं. पण ते वाईट वाटणंसुद्धा त्या दिवशी गोडच लागत होतं.

विनू खोलीभर फेऱ्या मारत होता. आनंद झाला की त्याला आवराआवर सुचते. तो टेबलाशी थांबला आणि त्यावर थाप मारून म्हणाला, "आता हे धूड कशाला ठेवायचं? अर्धी खोली अडते. आमच्या बँकेतल्या एकाचा मुलगा बँकेच्या परीक्षेला बसतोय, त्याला देऊन टाकतो. उद्याच टेम्पो बोलावतो." मग बायकोकडे वळून, रीत म्हणून, त्याने विचारलं, "तुला काही ते लागत नाही ना?"

अहल्या बाल्कनीत तोंडली तोडत होती. तिचं ठरलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. "मला काही..." एवढं ती म्हणालीसुद्धा.

मुक्ताने कानाचा फोन खाली घेतला. मी तोंडातली जिलेबी तशीच ठेवली.

अहल्या आत आली. मूठभर तोंडली तिने टेबलावर ठेवली, ओल्या हाताने टेबलाची कड पुसली आणि पुसत पुसतच म्हणाली, "टेबल राहू दे. मला लागेल."